पाऊस लागला की ईएलसीबी पडतो, नळाला मुंग्या येतात: कोकणातल्या घरात बिघाड कसा शोधायचा

मिरगाचा पाऊस दोन-चार दिवस धरून लागला की फोन सुरू होतात, आणि बोलणं दरवर्षी तेच, बहुतेक ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणाऱ्या बोर्डावरच्या खटक्याचं. "ईएलसीबी वर राहतच नाही." "रात्री पडला होता, सकाळी लावला तर राहिला, मग दुपारी परत." "मागच्या दारच्या नळाला मुंग्या येतात, पण फार नाही." आणि सगळ्यात वाईट ते हे: "आधीच्या माणसाने डायरेक्ट करून दिलंय. पडायचा बंद झाला, पण आता फ्रिजला करंट येतो."

मी दापोली-हर्णै पट्ट्यात वायरिंगची कामं करतो. पावसात सगळीकडे एकाच वेळी पोचणं होत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. यातली काही तपासणी घरातल्या माणसाने करायची आहे, काही फक्त परवाना असलेल्या वायरमनने. आणि काही ठिकाणी कोणीच हात लावायचा नाही, लांब उभं राहून महावितरणच्या १९१२ ला फोन करायचा. कुठलं काय ते त्या त्या जागी सांगतो.

डायरेक्ट करू नका, आणि का नको त्याचा हिशोब

डायरेक्ट म्हणजे ईएलसीबी वगळून वायर थेट जोडणं. मग उरतो फक्त एमसीबी, आणि घरातला एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १६ अँपिअरहून बराच जास्त करंट गेला तरच तो पडतो. माणसाला मारायला मात्र एवढा करंट लागत नाही. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ५०-१०० मिलिअँपिअर छातीतून काही क्षण गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे १६ अँपिअरचा शंभरावा भागही फार झाला.

आता इथे जांभा येतो. घाटावरच्या काळ्या मातीत अर्थिंग चांगलं लागतं, कारण ती माती ओल धरते. आपल्याकडे सड्यावर वीतभर मातीखाली कातळ. खड्डा खणायलाच जीव जातो, म्हणून पाइप अर्धाच पुरतात, वर सिमेंट मारून टाकतात, आणि मे महिन्यात तिथे थेंबभर ओल नसते. अशा अर्थिंगचा रोध शंभर ओम निघाला तर मला नवल वाटत नाही. समजा गीझरची कॉइल फुटली आणि फेज बॉडीला लागली. २३० व्होल्टला शंभर ओमने भागा: २.३ अँपिअर. एवढा करंट जमिनीत जात राहील, १६ अँपिअरचा एमसीबी आयुष्यात पडणार नाही, आणि गीझरच्या बॉडीवर, नळावर, पाण्यात जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील. बिल वाढेल ते वेगळंच.

त्याच घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असेल तर? तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला की सेकंदाच्या काही दशांशात तोडतो. आपल्या उदाहरणात फरक २,३०० मिलिअँपिअरचा आहे, त्यामुळे तो तत्क्षणी पडणार. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जांभ्याच्या जमिनीत एमसीबी आणि कसंतरी पुरलेलं अर्थिंग यांच्या भरवशावर राहू नका. इथे जीव वाचवणारी वस्तू ईएलसीबी हीच आहे, आणि पावसाळ्यात तोच काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे.

आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो तो दुकानात मागताना आरसीसीबी म्हणून मागा, ३० मिलिअँपिअरचा. "हा फार पडतो, १०० चा लावा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. १०० किंवा ३०० चा मेनला, आगीपासून संरक्षणासाठी ठीक. माणूस हात लावतो त्या सर्किटला ३० च हवा. इन्व्हर्टर एसी किंवा नवीन पद्धतीचं वॉशिंग मशीन असेल तर ए टाइपचा घ्या.

पावसातच का पडतो

मिठामुळे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ वर्षभर स्विचबोर्डच्या आत, होल्डरवर, जॉइंटवर बारीक थराने बसत असतं. हवा कोरडी असते तोवर ते निरुपद्रवी. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तो थर ओला होतो. ओलं मीठ म्हणजे करंटला वाट. जून ते सप्टेंबर किनारपट्टीची हवा बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे कुठेही पाणी गळलेलं नसताना, बोर्ड हाताला कोरडा लागत असतानाही थोडी थोडी गळती चालू असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ३० चा आरसीसीबी साधारण १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो. पडवीतल्या दिव्यातून दोन, पंपाच्या जॉइंटमधून पाच, भिंतीतल्या पाइपातून तीन अशी गळती जमत जाते. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर यांची थोडी थोडी गळती मुळातच असते. मग कोणीतरी मिक्सर लावतो आणि सगळं बसतं. बिचाऱ्या मिक्सरवर आळ येतो. पडला त्या क्षणी जे चालू केलं तेच खराब असेल असं नाही.

शोधायचं कसं

आधी बोर्डापाशी कसं उभं राहायचं ते. पुष्कळ घरांत मीटर आणि मेन पडवीत किंवा ओटीवर असतो, आणि पश्चिमेची झड थेट त्याच्यावर येते. बोर्ड ओला दिसतोय, आतून चुरचुर आवाज येतोय, जळका वास येतोय, यांपैकी काहीही असेल तर पुढचं काहीच करायचं नाही. बोर्डाला हात लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं. कोरडा असेल तर पायात रबरी चप्पल, हात पुसून कोरडे, आणि खाली प्लास्टिकची खुर्ची किंवा कोरडी फळी. एक हात मागे ठेवायची सवय लावून घ्या.

मग घरातले सगळे प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसूनच काढायचा, कारण स्विच फक्त फेज तोडतो. गीझरची कॉइल न्यूट्रलच्या टोकाकडे फुटली असेल तर स्विच बंद असतानाही ती न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवते. गीझरला प्लग नसून थेट वायर असेल तर ती पुढच्या पायरीत सापडेल.

आता सगळे एमसीबी खाली करा आणि ईएलसीबी वर करा. राहिला? मग एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकानंतर थोडं थांबा. ज्याच्यावर पडेल ते सर्किट कागदावर लिहा, तो एमसीबी खालीच ठेवा आणि बाकी घर चालू करा. वायरमन येईपर्यंत घर अंधारात राहत नाही. मग प्लग एकेक परत लावा, लावल्यावर ती वस्तू चालवून बघा.

सगळे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी राहत नसेल तर लोक म्हणतात ईएलसीबीच गेला, आणि नवा आणून बसवतात. तोही पडतो. यामागे बहुतेक वेळा कारण असं असतं की आपल्याकडचे एमसीबी सिंगल पोलचे, म्हणजे तेही फक्त फेज तोडतात. न्यूट्रलच्या सगळ्या वायरी एका पट्टीवर कायम जोडलेल्या असतात. त्यातली एखादी कुठेतरी ओल्या भिंतीत, फुटलेल्या पाइपात अर्थला टेकली असेल तर एमसीबी खाली करून ती सुटत नाही. यावर उपाय पट्टीवरच्या न्यूट्रल एकेक सोडवून बघणं, आणि ते काम वायरमनचं. त्याला फोनवर एवढंच सांगा: "सगळे एमसीबी खाली आहेत, प्लग काढलेत, तरी राहत नाही." हुशार असेल तर मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊनच येईल. मेगरने ५०० व्होल्टवर तपासल्यावर एखाद्या सर्किटचं इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली आलं तर त्या सर्किटला बाजूला काढायचं.

रात्री कोणी काही लावलेलं नसताना पडतो आणि सकाळी राहतो, या तक्रारीत मी आधी दोन गोष्टी बघतो. एक, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. त्यातला बर्फ वितळवणारा हीटर दिवसातून काही वेळाच, आपला आपण चालू होतो, आणि जुना झाला की त्यातूनच गळती होते. दुसरं, ऑटो स्विचवरचा पंप, म्हणजे लाइट आली की आपोआप चालू होणारा.

आणि उन्हाळ्यातही, कोरड्या हवेत, एखादा ठरावीक पंखा किंवा दिवा लावला की लगेच पडतो? तिथे ओलीचा संबंध नाही. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने फेज ईएलसीबीतून घेतलेली असते आणि न्यूट्रल ईएलसीबीच्या आधीच्या पट्टीवर नेऊन बांधलेली असते. गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परततो, ईएलसीबीला वाटतं जमिनीत गेला. न्यूट्रल जागेवर आणली की बंद.

नेहमीचे गुन्हेगार

पहिला नंबर पंपाच्या जॉइंटचा. विहिरीच्या कठड्यापाशी, पोफळीच्या बुंध्याला खिळा मारून त्यावर केबल अडकवलेली असते आणि तिथेच जॉइंट, काळी टेप गुंडाळून. ती टेप उकलून बघा (मेन बंद करून, पंपाचा फ्यूज काढून खिशात घालून मगच). आत तांब्यावर हिरवा काट चढलेला, टेपचा गोंद चिकट पाण्यासारखा झालेला, आणि दोन जॉइंट एकमेकांच्या शेजारी. पाणी वरून पडत नाही, केबलवरून ओघळत येतं आणि जॉइंटमध्ये शिरतं. नवी टेप गुंडाळून हे थांबत नाही. जॉइंट बंद डब्यात घ्या, केबल डब्यात खालून घाला, आणि डब्याच्या आधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळातून टपकून जाईल. दोन जॉइंट एकमेकांपासून वीतभर अंतर सोडून करा. पाण्याखालच्या पंपाला अख्खी केबल बिनजोडाची घ्या, पैसे जातील पण पुन्हा पुन्हा उतरावं लागणार नाही.

विहिरीत पंप असताना लोखंडी बादलीने पाणी शेंदू नका, आणि ऑटो स्विच बंद केल्याशिवाय पंपाला, फूटव्हॉल्व्हला हात घालू नका. लाइट आली की तो विचारत नाही.

त्यानंतर गीझर, मग खळ्यातला हॅलोजन आणि गेटवरचे दिवे, मग मागच्या पडवीत ठेवलेलं वॉशिंग मशीन. स्विचबोर्डात मुंग्यांनी केलेलं घर, कुंभारणीने घातलेली माती, टर्मिनलवर सुकलेली पाल, हेही नेहमीचं. बोर्ड उघडताना मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करायचा. मेन पाडला की घर मेलं असं समजून हात घालणारे भेटतात, आणि इन्व्हर्टरच्या सर्किटला तितकेच २३० व्होल्ट असतात.

चाकरमान्यांच्या बंद घरांचं वेगळं. मे महिन्यात कुलूप लागतं ते गणपतीला उघडतं. तीन महिने चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, भिंतीतल्या पाइपांत दमट हवा कोंडलेली असते. आल्या आल्या मेन लावला की पडणारच. दारं-खिडक्या उघडा, एक दिवस वारा खेळू द्या, प्लग सगळे काढलेले ठेवा, आणि एकेक सर्किट चालू करा. पाहुणे यायचेत म्हणून ईएलसीबीचा खटका काडीने अडकवून ठेवलेला मी पाहिला आहे. आरसीसीबी आतून तरीही सुटतो, म्हणून त्या काडीने काही साधतही नाही. मखराच्या माळांचं म्हणाल तर त्या लोखंडी सांगाड्यावर थेट गुंडाळू नका, आणि जोड सेलोटेपने मारू नका.

नळाला, पत्र्याला मुंग्या येतात

"फार नाही, थोड्याच येतात" हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. मुंग्या म्हणजे एक-दोन मिलिअँपिअर आत्ताच अंगातून जातोय. आज पायात चप्पल होती, हात कोरडा होता. उद्या ओल्या कोब्यावर अनवाणी, अंघोळीच्या आधी, तोच नळ, आणि करंट कित्येक पट. आहे की नाही बघायला उलट्या हाताने टेकवून बघायची सवय आहे ना, ती सोडा. निऑनच्या टेस्टरवरही फार जाऊ नका. तो कधी नुसत्या बाजूच्या वायरमुळे मिणमिणतो, आणि चप्पल घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे असाल तर खरा करंट असताना नीट पेटत नाही.

करायचं काय: कोणालाही नळापाशी जाऊ देऊ नका आणि मेन व इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. मग वायरमनला मीटरने नळ आणि जमीन यांच्यात व्होल्टेज मोजायला सांगा. व्होल्टेज गेलेलं असेल तर बिघाड तुमच्या घरात, बहुधा गीझर किंवा पंप. मेन बंद असूनही राहिलं तर ते बाहेरून येतंय: शेजाऱ्याच्या घरातून, समाईक पाइपातून, किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरमधून. मग १९१२.

पत्र्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण कपडे वाळत घालताना झालेले अपघात बहुतेक असेच असतात. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला टेकलेली असते. वाऱ्याने ती वर्षानुवर्षं घासते. एके दिवशी वरचं आवरण जातं आणि तांबं किंवा अॅल्युमिनियम पत्र्याला लागतं. पत्रा लाकडी वाशांवर असतो, त्यामुळे करंटला जायला वाट नसते, काही पडत नाही, काही कळत नाही. त्याच पत्र्याच्या अँगलला कपड्यांची तार बांधलेली असते, तिचं दुसरं टोक माडाला. खळ्यात अनवाणी उभं राहून ओलं लुगडं त्या तारेवर टाकलं की वाट मिळते. आणि हा बिघाड मीटरच्या आधीचा, म्हणून घरातला ईएलसीबी इथे काहीच करू शकत नाही.

कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरा. लोखंडी तार वापरायचीच नाही, प्लास्टिकचं आवरण असलेलीही नाही. सर्व्हिस वायर पत्र्यापासून उचलून घ्यायची असेल तर ते काम खांबावरून लाइट बंद करूनच होतं, त्यामुळे तक्रार देऊन करून घ्या. नवं घर किंवा वरचा मजला काढत असाल तर आधी वर बघा. नियमाप्रमाणे एलटी (घरांना लाइट देणारी कमी दाबाची) तार छपरापासून उभी २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर लांब हवी. ११ ते ३३ हजार व्होल्टची असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. गवंडी सळी उभी करताना हे अंतर कोणी मोजत नाही.

एका घरात दिवे भगभगीत, शेजारी मिणमिणते

हा ईएलसीबीचा विषय नाही, पण वादळाच्या दिवसांत सोबतच येतो. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल. खाऱ्या हवेने न्यूट्रलचा जॉइंट कुजून सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडली जातात. ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, ३०० च्या वर, कधी ४०० पर्यंत. पंखा सुसाट सुटतो, ट्यूब फटाफट जातात. दुसऱ्या घरात मिणमिण. दिसताक्षणी मेन बंद करा, वाडीत ओरडून सगळ्यांना बंद करायला लावा, आणि तक्रार द्या. स्टॅबिलायझर यात वाचवत नाही. घरात न्यूट्रल "अर्थवरून घेऊन" काम भागवणारे महाभाग असतात. तसं केलं की अर्थची वायर आणि तिला जोडलेलं प्रत्येक भांडं जिवंत होतं.

वाडीत तार पडली असेल तर

इथे घरातले कुठलेच हिशोब चालत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने वर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेने गेलं, आणि दोन्ही वेळा खांबच्या खांब आडवे झाले. तेव्हापासून लोकांना तारा पडलेल्या बघायची सवय झाली आहे, आणि ही सवय वाईट. "लाइट गेलीय ना, मग तार मेलेलीच" असं धरून चालतात. लाइट तुमच्या घरातली गेलीय. तार दुसऱ्या बाजूने चालू असू शकते, किंवा लाइन दुरुस्त करणारे फीडर चालू करून बघतील तेव्हा पुन्हा जिवंत होते.

वर सांगितलेला जांभ्याचा रोध इथेही आडवा येतो. ११ किंवा २२ हजार व्होल्टची तार तुटून कोरड्या कातळावर किंवा कुंपणाच्या झुडपावर पडली तर जमिनीत जाणारा करंट इतका कमी असतो की सबस्टेशनमधला ब्रेकर कधी कधी तो पकडत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, तार नुसती पडून आहे, आणि ती पूर्ण जिवंत आहे.

पडलेल्या तारेपासून दहा मीटर तरी लांब राहा. जमीन ओली असेल, पाट वाहत असेल, तारेचं कुंपण असेल तर आणखी लांब, कारण करंट त्यांच्यातून पुढे जातो. तारेजवळच्या जमिनीत जागोजागी वेगळं व्होल्टेज असतं. दोन पावलांत जितकं अंतर, तितका फरक अंगातून जातो. गुरं आधी मरतात ती यामुळेच, पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. गाय पडलेली दिसली म्हणून दावं सोडवायला धावू नका. तुम्ही स्वतःच जवळ सापडलात तर पावलं एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत मागे या. तारेवर अडकलेली झावळ बांबूने ओढायची नाही.

आंबे काढण्याबद्दल एवढंच: एलटीची तार रस्त्यापासून दूर, वाडीतून जाताना ४.६ मीटरवर असली तरी नियमात बसते, आणि झेल्याची काठी त्याहून सहज उंच जाते. अॅल्युमिनियमच्या काठीचा झेला किंवा शिडी तारेखालच्या कलमाला वापरू नका. बांबूही ओला असेल तर अॅल्युमिनियमसारखाच धरा. एचटीच्या, म्हणजे हजारो व्होल्टच्या, तारेला टेकावंही लागत नाही, जवळ गेलं की ती उडी मारते. फांद्या तारेत शिरल्या असतील तर लाइट बंद करून घेऊनच छाटणी.

रानडुकरांसाठी कुंपणात घरातली लाइट सोडणं हा गुन्हा आहे, आणि डुकराच्या आधी गडी किंवा शेजाऱ्याचं पोर सापडतं. सोलर कुंपणाचं यंत्र क्षणभराचे झटके देतं, सलग करंट देत नाही. त्याची नक्कल घरातल्या लाइटवर होत नाही.

जनरेटर भाड्याने आणला तर दोन टोकांना प्लग लावलेली वायर करून सॉकेटमध्ये खुपसू नका. ती लाइट मीटरमधून उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर चढून हजारो व्होल्ट होते, आणि वर लाइनमन बसलेला असतो. चेंजओव्हर स्विच लावा, नाहीतर जनरेटरवरून थेट वस्तूला वायर घ्या.

कोणी चिकटला तर

आधी मेन आणि इन्व्हर्टर. बंद होईपर्यंत अंगाला हात नाही. "सुक्या लाकडाने ढकला" असं सगळीकडे सांगतात. जुलैत आपल्याकडे सुकं लाकूड फक्त चुलीच्या माळ्यावर असतं. प्लास्टिकची खुर्ची हाताशी असते, तिच्या पायाने ढकला, आपण दुसऱ्या प्लास्टिकच्या वस्तूवर उभं राहून. हे फक्त घरातल्या लाइटसाठी. एचटीच्या तारेजवळचा माणूस लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कशानेही सोडवता येत नाही.

सुटल्यावर हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला पाठवा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत, दमलात की माणूस बदलून. मातीत पुरणं, पाणी ओतणं यात वेळ घालवू नका. उठून बसला आणि "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

पुढच्या मिरगाच्या आधी

ही कामं एप्रिल-मेमध्येच होतात. पाऊस लागल्यावर कोणी येत नाही आणि आला तरी ओल्यात नीट होत नाहीत.

अर्थिंग मऊ माती असेल तिथे हलवा: न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, माडाच्या आळ्याशेजारी. पाइप ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब. कातळामुळे एवढा खाली जात नसेल तर एकाऐवजी दोन-तीन पुरून एकमेकांना जोडा, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओता. क्लॅम्पचा नट-बोल्ट दरवर्षी बघा, खाऱ्या हवेत तोच आधी जातो. काम झाल्यावर वायरमनकडून रोध मोजून घ्या आणि आकडा बोर्डाच्या दारावर लिहून ठेवा.

ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर लगेच बदला. पण बटणाने पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये गळती करतं, जमिनीशी त्याचा संबंध नसतो.

दरवर्षी पडतोच असं घर असेल तर बाहेरचं आणि आतलं वेगळं करा. पंप, खळं, गेट, मागची पडवी एका आरसीसीबीवर. आतलं घर दुसऱ्यावर. पंपाच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं तर विहीर बंद पडेल, फ्रिज चालू राहील, आणि रात्री कोणाला डायरेक्ट करायची बुद्धी होणार नाही.

१९१२ ला फोन करताना बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. तार पडली असेल तर जवळच्या खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर रंगवलेला नंबर लांबूनच वाचून सांगा, आणि "लाइट गेलीय" असं न म्हणता "तार जमिनीवर पडलीय, माणसांची ये-जा आहे" असं म्हणा. नुसत्या लाइट गेल्याच्या तक्रारी त्या दिवशी ढिगाने आलेल्या असतात. माणूस येईपर्यंत वाटेच्या दोन्ही तोंडांना एकेक जण उभा करा. शाळेची पोरं त्याच पाणंदीने येतात.